हरकत नोंदवा, आणि उत्तर मागा
(पोखर्णी, जि. परभणी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय सरळ आहे. सरकार कायदा किंवा धोरण ठरवण्याआधी लोकांचं मत ऑनलाइन मागवतं. ते मागवणं खरं कधी असतं आणि नावापुरतं कधी असतं? आणि आपण त्यात काय करायचं?

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू करू, कारण ते आपल्या सगळ्यांना आठवतं. ८ ऑगस्टला वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त संसदीय समितीकडे पाठवलं गेलं. समितीने जनतेकडून लेखी निवेदनं मागवली, मुदत दिली पंधरा दिवसांची. मग मशिदींच्या दारांवर आणि व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड फिरले. कोड स्कॅन केला की ईमेल तयार, बटण दाबलं की काम झालं. सरकारने संसदेत सांगितलेला आकडा आहे ९७ लाख २७ हजार ७७२ निवेदनं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. समितीने १४ दुरुस्त्या मान्य केल्या, त्या सत्ताधारी बाजूच्या. विरोधी सदस्यांच्या ४४ दुरुस्त्या मतदानात पडल्या. एप्रिल २०२५ मध्ये कायदा झाला.

तेव्हापासून एक वाक्य सारखं ऐकू येतं: "लिहून काय उपयोग? ते करायचं तेच करतात." हे वाक्य मला हसण्यावारी न्यायचं नाही. त्यामागे खरा अनुभव आहे. पण ते वाक्य धरून बसलो तर पुढच्या वेळी आपण काहीच लिहिणार नाही, आणि विचारलं तेव्हा कोणी बोललं नाही, अशी नोंद कागदावर राहील. म्हणून नेमकं कुठे अडलं ते तपासू.

पहिली गोष्ट आकड्याची. त्या ९७ लाखांत विधेयकाच्या विरोधातली निवेदनं होती, तशी बाजूचीही होती. दोन्हीकडून गठ्ठे गेले. एकच मजकूर लाखो वेळा आला की वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच मुद्दा असतो, फक्त त्याच्यापुढे संख्या लागते. मतमोजणी निवडणुकीत होते. हरकती मागवताना मुद्दा मागितलेला असतो.

दुसरी गोष्ट भाषेची. समितीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत पाठवा. गावच्या कब्रस्तानची किंवा ईदगाहची जमीन कशी आली, तिथे किती पिढ्यांपासून दफन होतं, हे ज्या म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ आहे, तो मराठीत किंवा दखनीत बोलतो. सगळ्यात मोलाची माहिती त्याच्याकडे होती आणि त्याच्यासाठीच दार अरुंद होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. निवेदन पाठवणाऱ्याला आपला मुद्दा का मान्य झाला किंवा का फेटाळला, हे कळलं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे रोज तक्रारी येतात. "अॅप चालत नाही" अशी तक्रार आली तर तिचं काही करता येत नाही. "या फोनवर, या पानावर, हे बटण दाबल्यावर असं होतं" अशी आली तर कोणाला तरी ती बघावीच लागते. आणि तक्रार बंद करताना कारण लिहावं लागतं: दुरुस्त केली, की करणार नाही, आणि का. सरकारी सल्लामसलतीलाही मी हीच दोन मापं लावतो. लोकांचं म्हणणं नेमकं आहे का? आणि सरकारचं उत्तर लेखी आहे का?

हे जमतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय. मार्च २०१५ मध्ये त्यांनी इंटरनेट सेवांबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला. कंपन्यांना वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे दर लावू द्यायचे का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. कागदात क्रमांक घातलेले प्रश्न होते. तरुणांनी त्या प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार केली, आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. म्हणजे तिथेही तयार मजकूरच होता, हे खरं. पण तो प्रश्नागणिक उत्तर देत होता. ट्रायकडे आलेली मतं जाहीर करायची आणि त्यांच्यावर प्रतिमत मागवायची पद्धत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये दरांच्या प्रश्नावर वेगळा कागद निघाला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभाव करणारे दर बंद करणारा नियम आला, कारणांच्या टिपणासह.

याच प्रकरणात एक धडाही आहे. ट्रायने ते ईमेल जाहीर करताना लोकांचे ईमेल पत्तेही उघडे केले, त्यावर ओरड झाली. मत जाहीर व्हावं, मत देणाऱ्याचा पत्ता नको. ज्या समाजाला आपलं नाव यादीत दिसण्याची भीती वाटते, त्याच्यासाठी हा मुद्दा छोटा नाही.

आता उलट टोक बघा. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा आला. मतं मायगव्ह या सरकारी पोर्टलवर मागवली, नियमागणिक, हे चांगलं. पण आलेली मतं कोणालाही दाखवली जाणार नाहीत, असंही आधीच सांगितलं. मग कंपन्यांनी काय मागितलं, नागरिकांनी काय मागितलं आणि कोणाचं ऐकलं, हे आपण ताडून कसं बघणार?

खरं तर केंद्र सरकारचं स्वतःचं धोरण याहून बरं आहे. ५ फेब्रुवारी २०१४ च्या पूर्व-विधान सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं, आणि आलेल्या मतांचा गोषवारा मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकायचा. अडचण एवढीच की हे धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही तर कोणाचं काही बिघडत नाही. त्याला कायद्याचं बळ मिळावं ही मागणी आपण केली पाहिजे, आणि ती फक्त मुसलमानांची मागणी नाही. पर्यावरणावर काम करणारे, शेतकरी, कामगार संघटना सगळ्यांचीच ती गरज आहे. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्यावर एक पर्यावरण कार्यकर्ता दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ३० जूनला न्यायालयाने मसुदा आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये अनुवादित करायला सांगितलं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्राने त्या आदेशाला विरोध केला. पण ज्या भाषेत लोक जगतात त्या भाषेत मसुदा हवा, हा मुद्दा न्यायालयाच्या आदेशात नोंदला गेला.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. समितीने काही बदल केले. "व्यक्ती आणि संघटना" असा मोघम रोख होता, तिथे कडव्या डाव्या आणि तत्सम संघटना असं आलं. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नको, असं आलं. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं आणि "तत्सम" या शब्दावरचा आक्षेप आजही कायम आहे. म्हणजे पूर्ण विजय नाही, पण शून्यही नाही. ९७ लाखांनी जे झालं नाही, त्यातलं थोडं बारा हजारांच्या वेळी झालं.

वक्फ कायद्याबाबतही हेच पुढे दिसलं. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण कायदा थांबवला नाही. पण पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याची अट आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारांबद्दलच्या काही तरतुदी थांबवल्या. एकेका कलमावर युक्तिवाद झाला, तिथे एकेका कलमावर उत्तर मिळालं.

तंत्रज्ञान यात मदत करू शकतं. तैवानमध्ये २०१५ साली उबर टॅक्सीच्या प्रश्नावर पोलिस नावाची प्रणाली वापरली. आपल्या खाकीतल्या पोलिसांशी तिचा संबंध नाही! त्यात लोक छोटी विधानं लिहितात, बाकीचे मान्य, अमान्य किंवा पुढे एवढंच दाबतात. कोणाला उलट उत्तर द्यायची सोयच ठेवलेली नाही, म्हणून भांडण पेटत नाही. आणि विरोधी गटांनाही मान्य असलेली विधानं वर येतात. पण तंत्रावर सगळं सोडता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया ३३ टक्के. फक्त ऑनलाइन विचारलं तर आपल्या आया-बहिणी आपोआप बाहेर राहतात. त्यांचं म्हणणं त्यांच्याजवळ बसून लिहून घेणं, हे तुमच्या पिढीचं काम आहे.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येतो: "काय उपयोग?" आपल्याकडे मशवरा करणं ही नुसती सोय नाही. कुरआनच्या ४२ व्या सूरहचं नावच शूरा आहे. उहुदच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल मदीनेत राहूनच सामना करण्याकडे होता. बाहेर पडून लढू असं म्हणणाऱ्यांत तरुण पुढे होते, आणि त्यांचं ऐकलं गेलं. त्या लढाईत मोठं नुकसान झालं. तरीही त्यानंतर आलेल्या आदेशात सहकाऱ्यांशी मशवरा करत राहा, असंच सांगितलं. निकाल मनासारखा आला नाही म्हणून मशवरा मोडीत निघत नाही. हे राज्यकर्त्याला लागू आहे, तसं आपल्यालाही.

मग करायचं काय? पुढच्या वेळी मसुदा आला की आधी तो वाचा. राज्य सरकारचे मसुदे मराठीत असतात, राजपत्रात आणि विभागाच्या वेबसाइटवर मिळतात. कलमाचा क्रमांक लिहा. त्याने तुमच्या गावात काय होईल ते लिहा. त्याऐवजी कोणता शब्द हवा ते लिहा. एक पान पुरे. पाठवल्याची पोच जपून ठेवा. मुदत संपल्यावर माहितीच्या अधिकारात विचारा की किती हरकती आल्या आणि त्यांच्यावर काय निर्णय झाला. तयार मजकूर पुढे ढकलायचाच असेल, तर त्यात आपल्या गावचं निदान एक खरं वाक्य घाला.

आणि सराव दिल्लीपासून नको, इथूनच करा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. गावाचा विकास आराखडा तिच्यापुढे येतो. ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च फोनवर दिसतो. पोखर्णीचाही दिसतो. तो उघडा, आपल्या वस्तीतली नाली, नळ, कब्रस्तानचा रस्ता त्यात आहे का बघा, आणि नसेल तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. ठराव लिहिला जातो तेव्हा तो वाचून दाखवायला सांगा.

ग्रामसभेत एका नालीचं लेखी उत्तर ज्याने मिळवलं, तो संसदीय समितीलाही नेमकं लिहील. सरकारने विचारणं आणि उत्तर देणं हे त्याचं कर्तव्य आहे. आपण नेमकं बोलणं आणि उत्तर मिळेपर्यंत मागे लागणं हे आपलं.