कामापलीकडचे चार दिवस

(लोहगडवाडी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहीजणी हसल्या. हिंसाचार, पोटगी, रेशन, सातबाऱ्यावर नाव हे आपले नेहमीचे विषय. त्यात 'युरोपात एकटीनं सुट्टी' कुठून आली? सांगते. संस्थेच्या कामासाठी मी जिनिव्हाला तीन दिवसांच्या बैठकीला जाणार आहे. ती संपल्यावर चार दिवस मी तिथे एकटी राहणार आहे, नुसती फिरायला. हे संस्थेत सांगितलं तेव्हा तीन प्रश्न आले. घरी विचारलंस का? पैसे कुणाचे? आणि तिथे काम काय आहे? हे प्रश्न माझ्या एकटीपुरते नाहीत, म्हणून त्यांच्यावरच बोलते.

पहिला प्रश्न परवानगीचा. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ठामपणे मांडलं. पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला जोडण्याची अट २०१६ च्या डिसेंबरात सरकारनं काढली. तरीही नवऱ्याची सही मागण्याचे प्रकार थांबले नव्हते. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की पासपोर्टसाठी बाईला नवऱ्याच्या परवानगीची गरज नाही. म्हणजे कायदा आपल्या बाजूचा आहे. अडतं ते उंबऱ्याशी. कामासाठी जायचं म्हटलं की घर कुरकुरत का होईना, सोडतं. फिरायला म्हटलं की 'मग इथलं कोण बघणार?' हा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. 'इथलं कोण बघणार' याचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. चार दिवसांची पोळी-भाजी आधी करून, डबे भरून, मगच निघायचं असं असेल, तर ती सुट्टी नव्हे, आगाऊ केलेली मजुरी आहे.

कुठे आहे, कुठे उतरले आहे, हे घरच्यांना आणि एका मैत्रिणीला रोज ठरल्या वेळी मी कळवणार आहे. पण कळवणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. हा फरक आपण आपल्या मुलींनाही शिकवला पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशांचा. तो विचारलाच पाहिजे, कारण संस्थेचा पैसा लोकांचा असतो. माझा हिशोब असा आहे. जाण्यायेण्याचं तिकीट बैठकीसाठी काढलेलंच आहे. परतीची तारीख पुढे नेल्यानं भाडं वाढलं, तर फरक मी भरणार. बैठकीचा शेवटचा दिवस संपला की संस्थेचा भत्ता बंद. पुढचं राहणं, जेवण, रेल्वे आणि वाढीव दिवसांचा विमा माझ्या बचतीतून. चार दिवसांची रजा माझ्या खात्यावर. हे सगळं लेखी दिलं आहे.

कागदपत्रांचंही सांगते, कारण पुढे तुमच्यापैकी कुणाला लागेल. स्वित्झर्लंड शेंगेन गटात आहे. एका व्हिसावर या गटातल्या २९ देशांत १८० दिवसांच्या मुदतीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मोठ्या माणसासाठी शुल्क ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आयोजकांचं निमंत्रणपत्र फक्त बैठकीच्या दिवसांचं असतं. म्हणून पुढच्या चार दिवसांचा मुक्काम, खर्चाची तरतूद आणि संस्थेचं रजेचं पत्र अर्जालाच जोडायचं. सुट्टी लपवायची नाही. कामाच्या आड लपवलेली सुट्टी म्हणजे आपणच तिला चोरी ठरवणं होय.

स्वित्झर्लंड महाग आहे, म्हणून धावपळ करून पाच शहरं बघायची नाहीत. जिनिव्हात एक दिवस आणि रेल्वेनं पावणेदोन तासांवरच्या बर्नमध्ये तीन. वसतिगृहात फक्त बायकांची खोली घ्यायची, नव्या गावात उजेडी पोचायचं, पासपोर्टची प्रत वेगळी ठेवायची. शिदोरीला भाजणी आणि चटणी. पेढे मात्र नाहीत, दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत.

आता तिसरा प्रश्न, तिथे काम काय? आपल्याकडे बाईच्या प्रवासाला कारण लागतं. माहेरपण, बाळंतपण, देवदर्शन, वारी. आनंदीबाई जोशींना १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात (बंगालमधलं हे श्रीरामपूर) भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगावं लागलं. त्यांचं उत्तर होतं, डॉक्टर होऊन बायकांची सेवा करायला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई 'स्त्रीधर्मनीती' या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून भाडं भरून लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या, त्याही शिकण्यासाठी. त्या दोघींनी बोटीवर चढताना जे ओझं उचललं, त्यामुळे आपली वाट सोपी झाली. पण सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही सेवा आणि शिक्षण हीच बाईच्या प्रवासाची तिकिटं राहावीत का?

बर्नची एक गोष्ट सांगते. १९२८ साली तिथे बायकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मताधिकार किती सावकाश येतो आहे हे दाखवायला बायकांनी मिरवणुकीत एक भलीमोठी गोगलगाय ओढत नेली. देशपातळीवर तो हक्क आला १९७१ मध्ये. अ‍ॅपेंझेल इनररोडन या प्रांतात तर १९९० साली न्यायालयाच्या निकालानं आला. ही गोष्ट ऐकून एक मैत्रीण म्हणाली, 'मग झाला की अभ्यासदौरा!' मी म्हटलं, नाही. मी नदीकाठी बसेन, आळस करेन, परत येऊन अहवाल देणार नाही.

शेवटी, ज्या गावात बसून आपण हे बोलतो आहोत त्याच्याविषयी. शनिवार-रविवारी मळवलीला उतरून लोहगड-विसापूरला माणसं येतात, ती सुट्टीसाठीच. २०२५ साली लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता आणखी येतील. त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी कोण करतं? इथल्या बाया. एकाची सुट्टी हे दुसरीचं काम असतं. त्या कामाला दाम हवा, आणि तिलाही सुट्टी हवी. जिनिव्हाला जाणारीलाच विसावा आणि वस्तीत काम करणारीला नाही, असं असेल तर माझे चार दिवस ही नुसती चैन ठरेल.

म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक संस्थेनं नियम करावा, की प्रशिक्षणाला नागपूरला जा, दिल्लीला जा किंवा परदेशी, कामानंतर स्वतःच्या रजेत दोन-चार दिवस थांबण्याचा हक्क प्रत्येक कार्यकर्तीला राहील, आणि कारण विचारलं जाणार नाही. जिच्या गाठीला बचत नाही तिच्यासाठी छोटा सुट्टीनिधी असावा. दुपारच्या गटचर्चेत यावर बोलू या, आणि उद्या निघण्याआधी ठराव लिहूनच उठू या.