पाण्याच्या मर्जीने

विद्यार्थिदशेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला-परीक्षा उत्तीर्ण झालेली पुष्कळ माणसे आज कचेऱ्यांत, पेढ्यांवर नि शाळांत आपापल्या कामात गढून गेलेली दिसतात. त्या परीक्षांची प्रमाणपत्रे त्यांच्या दप्तरी सुरक्षित असतात, परंतु ज्या कुंचल्याने ती मिळवली, तो नोकरीवर रुजू होताना जो बाजूस पडतो तो बहुधा निवृत्तीची मुदत भरेपर्यंत हाती येत नाही. मीही त्याच वर्गातला एक गृहस्थ. अलीकडे जलरंगांकडे पुनश्च वळल्यावर जो आनंद लाभला, त्याचे स्वरूप कसे आहे एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

तैलरंगात बिघडलेला भाग खरवडता येतो, त्यावर दुसरा थरही चढवता येतो. जलरंगात ही सवलत जवळजवळ नाहीच. डिंकात खललेले रंगद्रव्य पाण्यात सुटून कागदावर पारदर्शक पसरते, आणि त्याखालचा शुभ्र कागद हाच चित्रातला प्रकाश ठरतो. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जावयाचे आणि उन्हाची जागा आरंभीच मुक्रर करून कोरी राखावयाची, असा या माध्यमाचा दंडक आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना बोटांआडून झिरपणारे ते तेज जलरंगातले आहे हे सांगूनही चटकन पटत नाही.

परंतु योजना इतकी कडक असूनही निम्मे काम पाणीच करते, आणि ते ऋतुमानाप्रमाणे करते. वैशाखात देशावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, क्षितिजापर्यंत उतरवावा, तोच वरचा भाग सुकून कड धरतो, म्हणून कागद आधी दोन्ही अंगांनी भिजवून घ्यावा लागतो. श्रावणात कोकणात तोच वॉश इतका वेळ ओला राहतो की, त्यात घाईने सोडलेला दुसरा थेंब मनास येईल तिकडे फुलत जातो. अल्ट्रामरीन निळा कागदाच्या खाचांत कणाकणाने बसतो, तर प्रशियन निळा तंतूंत असा भिनतो की पुसू म्हटले तरी पुसला जात नाही. ज्याची हयात हुकूम देण्यात आणि हुकूम बजावण्यात गेली, त्याला कोणाचेच फर्मान न मानणाऱ्या या सहकाऱ्याबरोबर काम करताना प्रथम संकोच होतो, आणि पुढे त्या स्वैरतेचीच गोडी लागते.

या बाबतीत प्रौढ मनुष्य विद्यार्थ्यापेक्षा भाग्यवान आहे, असे माझे मत झाले आहे. विद्यार्थ्यासमोर परीक्षक असतो, त्यामुळे पाण्याने आज्ञाधारक असावे अशी त्याची अपेक्षा असते. आपणांस गुण मिळवावयाचे नसल्यामुळे, अनपेक्षित उमटलेली छटा ठेवावी की टिपावी, याचा निवांतपणे विचार करता येतो. शिवाय दृष्टीला वेगळेच व्यसन जडते. रोजच्या वाटेवरच्या चुनेगच्ची भिंतीची सावली काळी नसून निळसर करडी आहे, आणि अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला तर ती साधेल, असा हिशेब चालता चालता मन करू लागते.

वयाची सबब सांगणाऱ्यांना रवींद्रनाथांचे स्मरण द्यावेसे वाटते. चित्रकलेकडे ते मनःपूर्वक वळले साठीनंतर, आणि 1930 साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. आपल्याला पॅरिसला जावयाचे नाही. चार-सहा रंग, एक बरासा कुंचला, जाड कागद आणि सकाळचा तासभर एवढ्या भांडवलावर आरंभ करावा. चित्र कसे उतरले याचा निवाडा घरच्या मंडळींवर खुशाल सोपवावा. तो लागेपर्यंत काढण्याचे सुख आपल्या पदरात पडून गेलेले असते, आणि त्यावर कोणाचे अपील चालत नाही.