मोहाच्या रानातील भृंगराज



राजुरा परिसरातील साग-बांबूच्या रानात शिकऱ्याचा आणि हळद्याचा आवाज पाठोपाठ एकाच फांदीवरून ऐकू आला, तर तेथे भृंगराज बसला आहे असे खुशाल समजावे. इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करणारा हा वनपक्षी कोतवालाचा भाऊबंद होय.

मैनेहून मोठा, तकतकीत काळा देह आणि कपाळावर तुरा असे त्याचे रूप. शेपटीची बाहेरची दोन पिसे तारेसारखी लांब असून त्यांच्या टोकाला पाती असतात. तो उडाला की दोन भुंगे पाठलाग करीत आहेत असा भास होतो.

पतंग, नाकतोडे, पंखवाली वाळवी हा त्याचा मुख्य आहार. पळस व सावर फुलली की मकरंदही. सुतार, टकाचोर यांच्या सोबतीने हिंडत, त्यांनी उठविलेले किडे तो हवेतच टिपतो.

उन्हाळ्यात त्याची वीण सुरू होते. त्याच सुमारास मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि त्यातून वणवा पसरतो. किडे व बांबूची रोपे जळतात. पिलांचा घास हिरावला जातो. पाचोळा झाडून काढला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर फुलेही स्वच्छ मिळतात.

ग्रामसभेने तसा ठराव करावा. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने भृंगराजाची नोंद करून द्यावी. वणवा थांबला, तर पाखरू राहील आणि मोहाचे उत्पन्नही राहील.