उपवास आणि उपासमार



उपवास म्हणजे ईश्वराच्या समीप वास. आजची सुशिक्षित तरुणी मात्र वजनकाट्याच्या समीप वास करू लागली आहे. स्त्रीला शिक्षण आणि अधिकार मिळू लागले, तसतसा सौंदर्याचा मापदंड अधिक कठोर होत गेला, असे अमेरिकन लेखिका नाओमी वुल्फ यांनी १९९० साली ‘द ब्यूटी मिथ’ या ग्रंथात मांडले. ही मांडणी केवळ पाश्चात्त्य म्हणून झटकून टाकता येणार नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि निराहार दोन्ही योगाला बाधक मानून युक्त आहार सांगितला आहे. देह हे धर्माचे साधन. ते प्रदर्शनासाठी नव्हे आणि छळण्यासाठीही नव्हे. येथे धर्मदृष्टी आणि स्त्रीवाद परस्परपूरक ठरतात.

परंतु बाजाराला दोष देऊन घराची सुटका होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून उरलेले खाणारी गृहिणी आणि वधूचा बांधा न्याहाळणारी मंडळी, यांत कोणता धर्म आहे? मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या घरात आई आणि कन्या सर्वांच्या पंगतीला बसून पोटभर जेवल्या पाहिजेत. संस्कृतिरक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावा.