भाव आणि भाऊ



यशवंतपूरच्या बाजार आवारात महाराष्ट्राचा कांदा येतो. तो स्वस्त झाला की आम्ही आनंदाने भजी तळतो. महागला की सरकारच्या नावाने बोटे मोडतो. दर्शिनीत वाढपी नाही, म्हणून उभ्याने इडली खाऊन टीप वाचवितो. ती काटकसर आमची स्वतःची. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, लासलगावी दर कोसळले, तेव्हा आमच्या घरखर्चाच्या वहीत जे चार पैसे शिल्लक पडले, ते कोणाचे? नाशिककडे शेती कसणाऱ्या आमच्याच भावंडांचे! भाव विचारताना आम्ही भावाला विसरलो. यापुढे कांदा महागला म्हणून कुरकुरण्यापूर्वी गावी एवढेच विचारू या : “दादा, तुझ्या हाती किती पडले?”