धुऱ्यावरचा गोटा
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

परिषदेचे अध्यक्ष, पाहुणे अभ्यासक, विद्यार्थी मित्रहो आणि खापा-टाकळघाटच्या मंडळींनो,

स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचे स्वागत. ज्यांची गाडी आधी सावनेर तालुक्यातल्या, कन्हानकाठच्या खाप्याला जाऊन आली, त्यांचे जरा जास्तच. नाव त्या गावाचे मोठे. उत्खननाच्या अहवालातले खापा मात्र हेच.

१९६८-६९मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देवांनी टाकळघाटला जुनी वस्ती खणली आणि खाप्याला शिळावर्तुळे. लोखंडाची अवजारे निघाली, काळी-तांबडी मडकी निघाली. ती माणसे साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची. पण तुम्ही ज्या दगडी हत्यारांसाठी जमलात, त्यांच्यापुढे ते लोहारही कालपरवाचेच. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमची हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांची ठरली आहेत. आपल्या विदर्भातही चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे मिळाली.

मी शेतकरी माणूस. वावरात गोटा फाळाला लागला की धुऱ्यावर फेकायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. तुम्ही म्हणता, माणसाने घाव घालून काढलेल्या छिलक्यावर घावाच्या जागी फुगवटा राहतो, हातकुऱ्हाडीच्या कडेला एकामागून एक खपल्या काढलेल्या दिसतात. ते आम्हाला हातात देऊन दाखवा. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार ओळखणारे रॉबर्ट ब्रूस फूट भूगर्भशास्त्रज्ञ होते. पैठणजवळ मुंगीला गोदावरीकाठी अकिकाचा छिलका टिपणारे विन हेही भूगर्भशास्त्रज्ञच. खडक पाहायची सवय असलेल्यांनाच ते दिसले. खडकाशी आमचीही रोजचीच गाठ आहे.

मात्र शाळेच्या पोरांना पिशव्या देऊन गोटे वेचायला पाठवू नका. पुणे जिल्ह्यात बोरीला, कुकडीच्या काठी, हत्यारांच्या संगतीने ज्वालामुखीची राख सापडली. कोणी ती १४ लाख वर्षांची मानतो, कोणी ७५ हजारांची. हे भांडण राखेचे आणि थराचे आहे. खिशात घालून आणलेला गोटा आपला थर कुठला ते सांगत नाही, मग तो कितीही देखणा असो.

उद्या सकाळी नाल्याकाठी शिवारफेरी आहे. काही दिसले तर आधी फोटो, मग जागेची खूण. उचलायचे की नाही ते जाणकार ठरवतील. तूर उभी आहे, तेव्हा कृपया धुऱ्यावरूनच चाला. आज दुपारी वडाभात आहे. पंगत मंडपामागे बसेल.