वाकडे पाऊल आणि दोषी आई

(मंडळाच्या डिंभे येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



एखादे बाळ आत वळलेल्या पावलांनी जन्मले की अजूनही कुजबुज होते, "बाईने ग्रहण पाळले नाही." कोणी मागल्या जन्मीचे पाप काढतो. ग्रहण तर साऱ्या तालुक्यावरून गेले. मग सगळीच बाळे तशी का जन्मली नाहीत? गतजन्मीच्या कर्मावर आजच्या दुःखाचा भार टाकणे बाबासाहेबांनी नाकारले आहे. कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. तेव्हा कारणेच पाहू.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे पाय थोडे फेंगडे असणे स्वाभाविक असते. ते बहुधा आपोआप सरळ होतात. पण बाक वाढत गेला, तर मुडदुसाची शंका घ्यावी. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले की हाडे मऊ राहतात. त्यावर औषध, ऊन आणि योग्य आहार हा उपाय आहे. पोलिओने पूर्वी असंख्य पाय लुळे केले. लसीकरणामुळे 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही; तरीही डोस चुकवू नयेत.

जन्मतः वळलेले पाऊल हजारात साधारण एका बाळाला असते. नेमके कारण बहुधा सापडत नाही. पण आईचा दोष मुळीच नाही. अमेरिकेतील डॉ. पॉन्सेटी यांच्या पद्धतीने पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करतात. दर आठवड्याला पाऊल हलकेच वळवून नवे प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेकांच्या टाचेमागील शीर छोट्या छेदाने सैल करतात. पुढे तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीचे बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसले म्हणून बूट सोडले की ते पुन्हा वळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाडी व शाळांत तपासणी करतात. पुढील उपचारही मोफत आहेत. अडते ते एस.टी.च्या भाड्यावर आणि बुडालेल्या रोजावर. म्हणून माझी सूचना आहे की, जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम अशा मातांच्या प्रवासखर्चासाठी वेगळी ठेवावी. विद्यार्थ्यांनी वाडीवस्तीवर असे बाळ दिसताच आशाताईंना कळवावे. दुःखाचे कारण कळूनही स्वस्थ बसणे ही करुणा नव्हे.

जय भीम! नमो बुद्धाय!